पॅकिंग खात्याने बांधलेला मांडव

फळीवर भांडी खच्चून रचलेली असली की एक पातेलं काढायला जावं आणि चार डोक्यावर यावीत, तसं आमच्या मांडवाच्या किश्श्यांचं आहे. आम्ही जुन्या मैत्रिणी हळदीकुंकवाला भेटलो की कुणीतरी नुसतं "सुतळी" म्हणायचा अवकाश, चहा गार होतो! माझी सून म्हणते, "आई, तुम्ही तिथे आंदोलन करत होता की पिकनिक?" दोन्ही नाही गं बाई. नोकरी वाचवत होतो. पण माणूस काय चोवीस तास मूठ आवळून बसतो का?

नवीन मंडळींसाठी आधी थोडक्यात सांगते. अंधेरी पूर्वेला मरोळच्या बाजूला आमची टेबलफॅनची कंपनी होती. आज तिथे काचेची बिल्डिंग आहे. ऐंशीच्या दशकात मालकांच्या डोक्यात आलं की कारखाना वापीला हलवायचा, तिथे नवीन माणसं स्वस्तात मिळतात. एका सकाळी कामावर गेलो तर गेटला नोटीस, टाळेबंदी! मशीनं मात्र अजून आतच होती. ती बाहेर गेली की आमची नोकरी गेली, इतकं सरळ होतं. म्हणून ठरलं की गेटसमोर मांडव घालून बसायचं आणि एकही मशीन बाहेर जाऊ द्यायचं नाही. युनियनचे पुरुष कोर्टाच्या नाहीतर मंत्रालयाच्या चकरा मारत होते. गेट सांभाळायचं काम आमच्या पॅकिंग खात्याकडे आलं, आणि पॅकिंग खातं म्हणजे सगळ्या बायका.

*

मांडव घालायचा तर त्यातलं कुणाला काय येत होतं? भाजीवाल्याकडून ताडपत्र्या मागून आणल्या, गणपती मंडळाकडून बांबू आणले, सुतळी आपापल्या घरून आणली. मग प्रत्येकीने हाताला जे वळण होतं तेच केलं. ताडपत्रीचे कोपरे आत दुमडले. कडा एकावर एक घेतल्या. वरून सुतळी उभी-आडवी आवळली आणि चौकात गाठ मारली. तासाभरात असा घट्ट मांडव उभा राहिला की बघत राहावं.

आमच्या खात्याच्या मुख्य चेकर म्हणजे सावंतबाई. मालवणच्या, काळ्यासावळ्या, हाडापेराने मजबूत. त्यांनी मांडवाभोवती फेरी मारली, सुतळी ओढून बघितली, भिंतीवर थाप मारली. तेवढ्यात आतून आवाज आला, "अगं, मी आत आहे! बाहेर कुठून यायचं?"

आमची सुमन आतून सुतळी ओढून द्यायला शिरली होती आणि आम्ही दार ठेवायलाच विसरलो होतो. मांडव कसला, चारी बाजूंनी पार्सल बांधलं होतं आम्ही!

सावंतबाईंनी पुन्हा एक थाप मारली आणि म्हणाल्या, "बांधणी झकास हा, पण माल आत रवलो!"

*

ही थाप काय प्रकार होता ते सांगायला हवं. कंपनीत माल भरलेला ट्रक गेटपाशी आला की सावंतबाई खाली उतरायच्या. दोर ओढून बघायच्या, खोक्यावर थाप मारायच्या, खोकं हललं का ते बघायच्या. ठीक असेल तर "जाऊ दे." की मोरे वॉचमन गेटवरचा दांडा वर करायचा. नसेल ठीक तर एकच शब्द, "परत!" की मोरे दांडा खाली टाकायचा आणि सलीम ड्रायव्हर एक अक्षर न बोलता गाडी रिव्हर्स घ्यायचा. वर्षानुवर्षं हे चाललेलं. एकदा खुद्द मॅनेजरसाहेबांनी घाईचा माल आहे म्हणून रदबदली केली, तेव्हाही ट्रक परतच गेला होता. फुटका पंखा गिऱ्हाइकाच्या घरी गेला तर बाईंना जेवण जात नसे.

मांडवातही त्यांनी तीच पद्धत सुरू केली. आम्हाला मदत करायला विलेपार्ल्याहून लेलेसर यायचे, कॉलेजात शिकवायचे, फार सज्जन माणूस. रजा टाकून आमच्यासाठी दोर बांधत बसायचे. बिचाऱ्यांनी गाठ मारली की बाई थाप मारणार, "परत!" सर पुन्हा बांधणार. "परत!" सरांच्या बोटांना फोड आले, पण माणूस हटला नाही. शेवटी गाठ पास झाली तेव्हा सर इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना बटाटेवडे खिलवले.

एकदा बाई दोर तपासत कोपऱ्यातल्या बांबूपाशी आल्या आणि भडकल्या. "ह्यां कोणी बांधल्यान? काय हात मोडले होते काय? परत!"

मी हळूच म्हटलं, "बाई, हे तुम्हीच बांधलंय. सकाळी."

"मग काय झाला? माझा म्हणान काय पास करू? परत!"

आणि स्वतः खाली बसून सोडायला लागल्या.

*

सुतळी उन्हाने विरायला लागली तेव्हा आमच्या खात्यातली वर्सोव्याची हिरा म्हणाली, "दोर मी आणते." तिच्या भावाची होडी होती. दुसऱ्या दिवशी हिरा होडीचे जुने जाड दोर घेऊन रिक्षातून उतरली. रिक्षावाला नाकाला रुमाल लावून आला होता आणि तसाच पळाला!

दोर दणकट होते, पण वास असा की मरोळमधल्या यच्चयावत मांजरी मांडवात हजर. एक तर सावंतबाईंच्या मांडीवरच बसायची. आमच्यावर नजर ठेवायला पोलिसांनी एक हवालदार बसवला होता. त्याने आधी खुर्ची जरा लांब घेतली, मग आणखी लांब, मग रस्त्याच्या पलीकडे. शेवटी तिथून ओरडला, "बाई, आंदोलन करा, घोषणा द्या, काय पाहिजे ते करा! पण बोंबील वाळवू नका!"

हिरा म्हणाली, "साहेब, नुसता दोर आहे. पाच वर्षं दर्यात भिजलाय. वास जायचा असता तर तिथेच गेला असता ना!"

एक फायदा झाला. हवालदार पलीकडे गेल्यावर आम्हाला मोकळेपणी बोलता यायला लागलं.

*

सुमनच्या सासूचा किस्सा सांगितल्याशिवाय तर हळदीकुंकू पुरंच होत नाही.

सुमनच्या नवऱ्याची गिरणी बंद पडलेली. घर चालायचं ते हिच्या पगारावर, आणि आता तोही थांबला. घरात दोन लहान मुलं. मांडवात सगळ्यात कमी बोलायची ती, कारण सगळ्यात जास्त घाबरलेली होती. आम्हाला सगळ्यांना ते कळत होतं. तिच्या डब्यात काय आहे हे कुणी विचारत नसे, प्रत्येकजणी आपल्या डब्यातलं तिला वाढत असे.

एक दिवस घाटकोपरहून तिची सासू आली. नऊवारी खोचलेली, डोळे लाल. मांडवाच्या तोंडाशीच तिने सुरुवात केली, "चल घरी! रस्त्यावर बसून नोकऱ्या मिळतात का? लोक काय म्हणतील! दुसरीकडे भांडी घास, पण हे थेर बंद कर!"

सुमन रडायला लागली. सावंतबाई म्हणाल्या, "आजी, उन्हातून आलात. बसा जरा, पाणी प्या, मग न्या तिला."

आजी बसली. पाणी प्यायली. मग इकडेतिकडे बघता बघता म्हणाली, "ही ताडपत्री फाटलीय की गं इथे." कुणीतरी दाभण दिलं. आजीने टाके घालायला घेतले. टाके घालता घालता तिने विचारलं, "मशीन नेतात म्हणजे नक्की काय करतात?" आम्ही सांगितलं. आजीने सगळं ऐकून घेतलं, नोटीस कुणी लावली, मालक कुठे राहतो, सगळं खोदून खोदून विचारलं. संध्याकाळी सुमनला घेऊन घरी गेली. आम्हाला वाटलं, संपलं. सुमन काही आता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर आजी एकटीच मांडवात, घोषणांचा फलक हातात धरून! "अहो आजी, सुमन कुठाय?"

"येतेय मागून रमतगमत! आजकालच्या पोरींना वेळेची किंमत नाही. मालक मशीन घेऊन गेला म्हणजे कळेल!"

*

वॉचमन मोरे गेटच्या आत आणि आम्ही बाहेर. त्याला कंपनी अजून पगार देत होती, त्यामुळे आमच्याशी बोलायचं नाही अशी ताकीद होती. तो बोलायचा तर नाहीच, आमच्याकडे बघायचाही नाही, मान खाली. मला राग यायचा. सावंतबाई म्हणायच्या, "त्याकाय पोरांबाळां आसत. गप रव."

मे महिन्यात मांडवात इतकं उकडायचं की काय सांगू! जन्मभर लोकांना वारा पुरवणाऱ्या आम्ही, आणि हातात वर्तमानपत्राची घडी. एका दुपारी गार वाऱ्याची झुळूक आली. बघतो तर मोरेने केबिनमधला पंखा उचलून गेटच्या गजांपाशी ठेवलेला, तोंड बाहेर!

मॅनेजरसाहेब आतून फेरी मारत आले. "मोरे, हा पंखा तिकडे का फिरवलाय?"

"मला सर्दी होते साहेब."

*

मग एकदा म्युनिसिपालिटीची गाडी आली. माणसं उतरली आणि ताडपत्र्या ओढायला लागली. गाठी सुटेनात. पॅकिंग खात्याच्या गाठी त्या! शेवटी कोयते काढून त्यांनी दोर कापले आणि ताडपत्र्या, बांबू सगळं गाडीत भरून घेऊन गेले. आम्ही टळटळीत उन्हात उभ्या. लेलेसरांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्यांची पास झालेली गाठही गेली होती.

आजी म्हणाली, "साड्या नाहीत का कुणाच्या घरी?"

दुपारपर्यंत शेजारच्या चाळींतून, झोपडपट्टीतून, आमच्या घरांतून साड्या आल्या. नायलॉनच्या, वॉयलच्या, फुलाफुलांच्या, काठपदराच्या. सावंतबाईंनी लग्नातला शालू आणला. मी म्हटलं, "बाई, हा नको, ऊन लागेल." त्या म्हणाल्या, "पेटीत ठेवून तरी काय केलंय?" कंपनीच्या कुंपणापासून समोरच्या दिव्याच्या खांबापर्यंत आम्ही दोरावर साड्या ताणल्या. सगळं गेट रंगीबेरंगी झालं. थाप मारायला भिंत नव्हती, तर बाईंनी प्रत्येक साडी ओढून बघितली आणि निम्म्या परत बांधायला लावल्या.

तेवढ्यात एक रिक्षा थांबली. आतून एका चांगल्या घरातल्या बाईंनी डोकं बाहेर काढलं. साड्यांकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "अहो, हा सेल कधीपर्यंत आहे?"

कधी तोंड न उघडणारी सुमन म्हणाली, "कंपनी उघडेपर्यंत!"

*

आणि आता शेवटचा. हा सांगायचा असला की सगळ्या मलाच पुढे करतात.

एका सकाळी पोलिसांची गाडी आली. इन्स्पेक्टर उतरले. गेटच्या आत ट्रक उभा, त्यावर लाकडी खोक्यात आमचं वाइंडिंगचं, मोटरवर तार गुंडाळायचं मशीन. कारखान्यातलं सगळ्यात महागडं. ते गेलं तर बाकीची नुसती भंगार. मॅनेजरसाहेब म्हणाले, "दुरुस्तीला चाललंय, परत येईल." इन्स्पेक्टर म्हणाले, "बायांनो, एकच मशीन आहे. साड्या सोडा आणि रस्ता द्या, नाहीतर उचलावं लागेल."

आम्ही साड्यांखाली एकमेकींचे हात धरून बसलो. सुमनचा हात माझ्या हातात होता. महिला पोलीस पुढे आल्या. आत मोरेने गेट उघडलं, दांडा वर केला. ट्रकवर आमचाच सलीम होता, तोंड दुसरीकडे करून बसलेला. त्याने गाडी सुरू केली. मला वाटलं, झालं, इतके दिवस उन्हात बसलो ते सगळं वाया गेलं.

सावंतबाई उठल्या. आमचे हात सोडवून उठल्या. पदर खोचला आणि इन्स्पेक्टरांना म्हणाल्या, "साहेब, माल एकदा बघू दे."

"काय बघायचंय?"

"बघते आणि बाजूला होते."

इन्स्पेक्टरांना वाटलं, म्हातारी समजुतीने घेतेय. ते म्हणाले, "बघा, पण लवकर."

बाई गेटातून आत गेल्या. नोटीस लागल्यापासून पहिल्यांदाच. नेहमीच्या चालीने ट्रकपाशी गेल्या. एक दोर ओढला. दुसरा ओढला. चाकाच्या बाजूने वाकून खालची गाठ बघितली. बाहेरच्या कंत्राटदाराने बांधलेली होती. मग खोक्यावर थाप मारली. खोकं हललं.

त्यांनी हात साडीला पुसला आणि म्हणाल्या, "परत!"

धाडकन दांडा खाली आला. सलीमने गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि ट्रक मागे मागे जात शेडमध्ये शिरला. पोलीस बघत राहिले. बाई सावकाश बाहेर आल्या आणि आपल्या जागेवर येऊन बसल्या.

मॅनेजरसाहेब किंचाळले, "मोरे! दांडा वर कर! कुणाला विचारून खाली टाकलास?"

मोरेने पहिल्यांदाच मान वर केली. "साहेब, बाईंनी परत म्हटलंय."