कपाळावरचे कुंकू आणि नारायणरावांची काच

श्री. नारायणराव केमकर यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, हे या गौरवग्रंथाच्या संपादकांना मी आधीच सांगून ठेवले आहे. "पहिल्या ओळखीपासून लिहा," असे त्यांनी सुचवले होते. त्यांना बहुधा काहीतरी गोड अपेक्षित असावे. पण नारायणरावांना साठ वर्षे पूर्ण झाली म्हणून मी खोटे लिहू लागलो, तर ते स्वतःच मला समोर बसवून लेख पुन्हा लिहायला लावतील.

त्या काळी मी सोलापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवीत होतो. नुकतेच लग्न झाले होते, आणि नवी पेठेतल्या नारायणरावांच्या स्टुडिओत आम्हा उभयतांचा फोटो काढून घेतला होता. फोटो हातात आला आणि माझे डोके फिरले. माझी लालभडक पगडी काळी ठिक्कर पडली होती. डोक्यावर कोळशाची पाटी घेऊन बोहल्यावर चढल्यासारखा मी दिसत होतो. मी तावातावाने स्टुडिओचा जिना चढलो आणि रंगांवर एक व्याख्यानच दिले. नारायणरावांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, "मास्तर, पगडी तुमची झकास आहे. पण फोटो ज्या काचेवर उमटतो, तिला लाल रंग दिसतच नाही, तो काळाच उमटतो, त्याला ती तरी काय करणार? दिसत नाही म्हणून तर तिच्याशेजारी लाल दिवा लावून आम्हांला काम करता येते. या, दाखवतो."

ते मला अंधाऱ्या खोलीत घेऊन गेले. लाल दिव्याच्या उजेडात, तबकातल्या औषधाखाली, एका कोऱ्या काचेवर कुणा अनोळखी गृहस्थाचा चेहरा उलट्या रंगात उमटत होता. जिथे उजेड पडला होता तिथे काळे, जिथे काळे होते तिथे कोरे. भांडायला गेलेला मी दोन तासांनी औषधाचे हात धुऊन बाहेर पडलो. पुढे शाळा सुटली की माझे पाय तिकडेच वळू लागले, आणि वर्षभरात शाळेला रामराम ठोकून मी त्यांच्या हाताखाली कामाला लागलो. पगडीचा राग मात्र मनातून पुरता गेला नव्हता. तो पुढे मला भोवला.

नारायणरावांच्या कामाविषयी लिहायचे तर आधी त्यांच्या मोजणीविषयी लिहिले पाहिजे. कॅमेऱ्याच्या भिंगावरचे झाकण काढून काचेवर किती वेळ उजेड घ्यायचा, यासाठी त्यांनी घड्याळ कधी वापरले नाही. ते मूळचे केम गावचे. लहानपणापासून सोलापूर ते केम हा रेल्वेचा रस्ता त्यांच्या तोंडात बसलेला. झाकण काढले की ते एका लयीत स्टेशने म्हणू लागत : पाकणी, मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, केम. स्वच्छ ऊन असेल तर मोहोळ आले की झाकण लावायचे. आभाळ आले असेल तर माढा किंवा कुर्डुवाडी. केमपर्यंत जायची पाळी आली तर गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणून सांगायचे. मी एकदा त्यांच्या नकळत घड्याळ लावून पाहिले, तर पाकणी ते माढा हे अंतर सकाळ-संध्याकाळ अगदी तेवढेच भरले. माझ्या तोंडी ती गाडी कधीच वेळेवर धावली नाही.

दुसरी गोष्ट त्यांच्या हट्टाची. हललेला फोटो स्टुडिओच्या दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही, असा त्यांचा नियम होता. एका संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या फोटोत मागच्या रांगेतल्या एकाच गृहस्थाने मान वळवली होती. बाकीचे सगळे म्हणत होते, "त्याला कोण ओळखतो? चालेल!" नारायणरावांनी त्या वीस जणांना पुन्हा बोलावून पुन्हा उभे केले. मान वळवणारे गृहस्थ नंतर रस्त्यात भेटले की नारायणरावांना अदबीने नमस्कार करीत.

आता भोवले कसे ते सांगतो.

सगळे रंग दिसणाऱ्या नव्या फिल्म बाजारात आल्या, तेव्हा मला आकाश ठेंगणे झाले. त्या मागवाव्यात म्हणून मी नारायणरावांच्या मागे भुणभुण लावली. त्यांनी मागवल्या, वापरूनही पाहिल्या आणि म्हणाले, "छान आहे हो. पण नवे माणूस आहे, जरा ओळख होऊ द्या." मला कुठला धीर! त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते एका दिवसासाठी केमला गेले आणि स्टुडिओ माझ्यावर सोपवून गेले.

त्याच दिवशी भवानी पेठेतून सोनाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई आल्या. बरोबर त्यांची सून गिरजा, आणि तिच्या कुशीत दीड महिन्याची मुलगी. सोनाबाईंचा मुलगा महादू गिरणीत कामाला होता. पोटाच्या दुखण्याने त्याला पुण्याच्या इस्पितळात ठेवले होते, आणि तीनच दिवसांनी शस्त्रक्रिया व्हायची होती. त्याने आपल्या मुलीला अजून पाहिलेले नव्हते. बाळंतिणीला प्रवास झेपण्यासारखा नव्हता. "कापायच्या आदी येकदा पोरीचं आन् हिचं तोंड बघू द्या, असं सांगावा धाडलाय त्यानं," सोनाबाई म्हणाल्या. "उद्या सांजच्या गाडीनं मी जानार. तेवड्यात फोटू पायजे."

बाहेर आभाळ भरून आले होते आणि मूल सारखे हातपाय झाडीत होते. आमची जुनी काच मंद, तिला उजेड बराच वेळ लागे. मूल तेवढा वेळ स्थिर राहणे शक्यच नव्हते. मी मनात म्हटले, हीच संधी! विजेचे मोठे दिवे लावले, नवी फिल्म भरली आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फोटो घेतला. या फिल्मला लालही दिसत असल्यामुळे लाल दिवा चालत नाही. मी मिट्ट काळोखात, घड्याळाच्या टिकटिकीवर वेळ मोजून, ती धुतली. कागदावर छाप काढला तर काय सांगू! बाळाच्या पापण्या मोजून घ्याव्यात. मी स्वतःवरच खूश होऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणराव गावाहून परतले आणि पाठोपाठ सोनाबाई आल्या. मी ऐटीत पाकीट त्यांच्या हाती दिले. त्यांनी फोटो काढून पाहिला, डोळ्यांजवळ नेला, आणि त्या खाली फरशीवरच बसल्या.

"हिचं कपाळ मोकळं हाय की," त्या म्हणाल्या. "ह्ये दावू व्हय माज्या ल्येकाला? कापायच्या आदल्या दिशी?"

मी फोटो घेऊन उजेडात धरला. गिरजाच्या कपाळावर चांगले रुपयाएवढे कुंकू होते, मी डोळ्यांनी पाहिले होते. फोटोत ते नव्हते. विजेच्या उजेडात नव्या फिल्मने लाल रंग इतका उजळ टिपला होता की कुंकू आणि कपाळ एकाच छटेचे होऊन बसले होते. बाळाच्या पापण्यांच्या नादात मी आईच्या कपाळाकडे पाहिलेच नव्हते. मी घाईघाईने कुंचला उचलला. "आजी, थांबा, शाईचा एक ठिपका देतो, कुणाला कळायचंही नाही."

"शाईचं कुकू?" सोनाबाईंनी माझ्याकडे असे पाहिले की कुंचला हातातच राहिला.

नारायणरावांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. मग ते म्हाताऱ्या बाईंसमोर खाली बसले आणि आपल्या गावच्या बोलीत म्हणाले, "आजी, चूक माजी हाय. सुनंला आन् पोरीला घिऊन या. गाडी सुटायच्या आदी तुमच्या हातात फोटू दिला न्हाय, तर नावाचा नारायण न्हाय." खरे तर आदल्या दिवशी ते सोलापुरात नव्हतेच. पण हे त्यांनी त्या वेळी सांगितले नाही आणि आजवर कुणाला सांगितलेले नाही. म्हणून आज मी लिहितो आहे.

गिरजा आली. आता जुनी काच वापरायची, म्हणजे मूल झोपायला हवे. मूल काही झोपेना. अकरा वाजले, बारा वाजले. मधेच शहरातले एक मोठे वकील ठरल्या वेळी सहकुटुंब आले. नारायणराव दारातच त्यांना म्हणाले, "वकीलसाहेब, आत एका लेकराला झोपवतो आहोत. आपण उद्या आलात तर उपकार होतील." वकीलसाहेब बूट न वाजवता जिना उतरून गेले. अखेर एकच्या सुमारास बाळाचा डोळा लागला. नारायणरावांनी छपराच्या काचेतून आभाळाकडे पाहिले, कॅमेऱ्यात काच चढवली आणि झाकण काढले.

"पाकणी... मोहोळ... माढा... कुर्डुवाडी..."

"आगं बया!" कोपऱ्यातून सोनाबाई ओरडल्या. "कुर्डुवाडी आली? मला तितं गाडी बदलाय लागतीया का काय?"

गिरजाला हसू आवरेना. खांदे गदगदले, मान हलली. झाकण अजून उघडेच होते. काच वाया गेली.  नारायणरावांनी दुसरी काच चढवली. या वेळी सोनाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता, आणि गाडी बिनबोभाट कुर्डुवाडीला पोचली.

लाल दिव्याखाली आम्ही दोघे तबकावर वाकलो. आधी लुगड्याचे काठ कोरे राहिले, मग चेहरा काळवंडू लागला, मग कपाळ.  कपाळ गडद होत गेले, आणखी गडद होत गेले, आणि मधोमध एक गोल ठिपका तसाच कोरा राहिला. काचेवर कोरे म्हणजे कागदावर काळे. कधी आवाज न चढवणारे नारायणराव जवळजवळ ओरडलेच, "राहिलं!" माझा जीव भांड्यात पडला. माझे डोळे भरून आले होते, पण लाल दिव्यात ते त्यांना दिसले नसावेत.

काच धुऊन, लवकर सुकावी म्हणून स्पिरिटात बुडवून, पंख्याखाली धरून, चार वाजता छाप तयार झाला. सोनाबाईंनी तो पाहिला, कुंकवावर अंगठा ठेवला, उचलला, पुन्हा पाहिले. "हाय की!" एवढेच म्हणून त्या पाकीट पोटाशी धरून स्टेशनकडे निघाल्या. त्या गेल्यावर नारायणराव मला म्हणाले, "मास्तर, फिल्म निवडण्याआधी समोर कोण बसलंय ते बघत जा." त्या प्रकरणात मला मिळालेली बोलणी एवढीच. तेव्हापासून आमच्या कपाटात फिल्म आणि काचा दोन्ही असतात, आणि कुठली घ्यायची हे गिऱ्हाईक पाहून ठरते.

पुढचे काही आठवडे जिन्यावर पाऊल वाजले की मी दाराकडे धावे. मग एके दिवशी महादू स्वतः जिना चढून आला. वाळला होता, पण आपल्या पायांनी चालत होता. मागे गिरजा, आणि त्याच्या कडेवर मुलगी. त्याने बंडीच्या खिशातून एक फोटो काढला आणि तो पाहून मी चाट पडलो. तो हललेल्या काचेचा छाप होता. चेहरा पुसट, कुंकू फराटा ओढल्यासारखे, आणि गिरजा तोंडभर हसत असलेली. नारायणरावांनी मला न सांगता तो काढला होता, आणि आपला नियम मोडून सोनाबाईंच्या पाकिटात सरकवला होता.

"चांगला फोटू आईनं खाटंच्या वर लावला हुता," महादू म्हणाला. "पर ह्यो म्या उशाखाली ठेवला. हितं ही हसतीया. घरात समदं बरं असल्याबिगार ही अशी हसायची न्हाय, म्हनलं. मंग बिनघोर गेलो आत."

 नारायणरावांनी मुलीला त्याच्याकडून घेतले आणि उगाचच तिला कॅमेऱ्याचे पितळी भिंग दाखवू लागले.

आज त्यांच्या साठीनिमित्त आम्ही सारे जमलो आहोत. त्यांची नजर अशीच स्वच्छ राहो, हातांना कंप न येवो आणि अंधाऱ्या खोलीतली त्यांची जागा पुष्कळ वर्षे रिकामी न होवो. माझ्या हिशेबाने त्यांच्या आयुष्याची गाडी आता कुठे मोहोळ सोडते आहे. माढा यायचे आहे, कुर्डुवाडी यायची आहे, केम तर फारच लांब आहे. वाटेत कुणी हसले तर त्यांनी खुशाल हसू द्यावे. झाकण लावण्याची कुणालाही घाई नाही.