खिळ्यावरची किल्ली

"आई, खिळ्यावरची बाबांच्या स्कूटरची किल्ली काढू काय? भिंतीला रंग द्यायचा हाय." सुनेनं विचारलं. ह्यांना जाऊन वर्ष झालं. मला दक्षिणेतलं सोन्याच्या खाणीचं ते चिमुकलं संग्रहालय आठवलं.

नवं लग्न. सोनं दिसेल म्हणून मी शालू नेसून गेलेली, येडी! आत गंजलेल्या कुदळी, आणि फळीवरच्या खिळ्याला एकच पितळी बिल्ला. खाणीत उतरताना कामगार बिल्ला टांगायचे, वर आल्यावर काढायचे, असं तिथल्या म्हाताऱ्यानं सांगितलं.

"मंग हा विसरला वाटते कोणी!" मी फिदीफिदी हसले.

ह्यांनी हात दाबला. "चूप राह्य. तो वर आलाच नाई."

म्हातारा बिल्ला पुसत राहिला.

सुनेला म्हटलं, "राहू दे बाई. ज्याची त्यानंच काढावी लागते."