आईकडची निळी वायर

माझ्या नवऱ्याला त्याची आई खटपट्या म्हणते. लग्नाआधी मला ते कौतुक वाटलं होतं. लग्नानंतर आठवडाभरात कळलं की ती तक्रार आहे. चांगलं चालणारं घड्याळ उघडून बघणारा माणूस आहे हा. आमच्या घरात एक बटण असं नाही, ज्याच्या आत त्याचा स्क्रू ड्रायव्हर जाऊन आलेला नाही. दारावरची बेल दाबली की माझ्या मोबाइलवर पाहुण्याचा फोटो येतो, फक्त बेल काही वाजत नाही. "अगं, वाजण्याचं तेवढं राहिलंय, उद्या करतो," असं तो दोन वर्षं म्हणतोय, आणि लोक बिचारे दारावर थापा मारत उभे असतात.

हा वेबसाइट बनवतो आणि त्या ज्या मशीनवर चालतात, ती मशीनंही सांभाळतो. म्हणजे दुकानाची पाटी रंगवणाराही हाच आणि दुकानाचा पहारेकरीही हाच. रंगवण्याचं काम कधीतरी संपतं, पहाऱ्याचं संपत नाही. त्यासाठी त्याने स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिलाय. तो दर मिनिटाला मशीनला विचारतो, आहेस का? मशीन म्हणतं, आहे. ज्या मिनिटाला उत्तर येत नाही, त्या मिनिटाला याचा फोन असा किंचाळतो की एकदा शेजारणीच्या हातून बरणी सुटली होती. तो आवाज आला की हा भरल्या ताटावरून उठतो, डोक्याला शाम्पूचा फेस असला तर तसाच बाहेर येतो. आणि फोन गप्प असला तरी याला चैन नाही. मग हा फोन उलटा-सुलटा करून बघतो, बिघडला तर नाही ना म्हणून.

याचं सगळ्यात लाडकं काम म्हणजे जनावरांच्या दवाखान्याची वेबसाइट. कुत्री, मांजरं, पोपट, कासवं, सगळ्यांचे मालक तिच्यावर आपापली वेळ ठरवतात आणि त्या वेळेला येतात. दवाखान्याच्या डॉक्टरबाई कडक, पण याच्यावर त्यांचा भारी विश्वास. त्यांच्याच ओळखीने याला बाकीची कामं मिळाली आणि आमचं घर त्यावरच चालतं. ती वेबसाइट ज्या मशीनवर होती, ते मशीन मात्र कुठल्या मोठ्या कंपनीत नव्हतं. ते होतं माझ्या सासूबाईंच्या बाहेरच्या खोलीत, शिवणयंत्राच्या टेबलावर.

"भाड्याचं मशीन घे की रे, सगळे घेतात," मी म्हणायचे.

"भाड्याच्या मशीनवर माझा हात पोचतो का?" हा म्हणायचा. त्याला हात पोचायला हवा असतो, तीच तर मेख आहे. आमच्या इमारतीत वीज सारखी जाते, आईंच्या गल्लीत प्रसूतिगृह असल्याने तिथे जात नाही. म्हणून त्या मशीनचा काळा डबा तिकडे गेला. डब्याला दोन हिरवे दिवे, आत घुरघुरणारा पंखा आणि मागून भिंतीवरच्या इंटरनेटच्या पेटीपर्यंत गेलेली एक निळी वायर. सासरे गेल्यापासून आई तिथे एकट्याच राहतात. वीस मिनिटांचा रस्ता, पण हा जायचा कधी? तर काम निघालं की. एरवी फोन. आणि फोन तरी कसला!

"हॅलो आई, दिवे हिरवे आहेत ना?"

"आहेत रे."

"बरं, ठेवतो."

झालं बोलणं. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, जेवलीस का एवढं तरी विचार." तर म्हणाला, "ती जेवतेच." यावर बोलायचं काय, कपाळ!

मग ते मशीन बंद पडायला लागलं. नेहमी दुपारीच. फोन किंचाळायचा, हा आईंना फोन लावायचा, त्या म्हणायच्या, "लाल झालाय रे एक दिवा. मला त्यातलं काही कळत नाही, तूच ये." हा स्क्रू ड्रायव्हरची पिशवी खांद्याला मारून वाऱ्यासारखा सुटायचा. जिने चढून धापा टाकत आत जावं, तर दिवे हिरवेगार! मशीन मजेत घुरघुरतंय! मग हा तिथेच तासभर बसायचा, पुन्हा पडतं का ते बघत. आई चहा द्यायच्या, हा टेबलावर नजर ठेवून चहा प्यायचा. मशीन काही पडायचं नाही.

त्या काळात याने माझा जीव नकोसा करून सोडला. याच्या पायाला भिंगरी आणि डोक्यात भुंगा. आधी वायर बदलली. मग भिंतीवरची पेटी बदलली. मग बॅटरी आणून लावली. मग शंका आली उंदरांची, म्हणून आईंच्या घरात पिंजरा लावला, त्यात आईंचाच अंगठा सापडला. मग वरच्या मजल्यावर जाऊन, तुम्ही कपडे धुण्याचं मशीन कधी लावता, असं एका अनोळखी बाईला विचारून आला. तिने दार आपटलं. जेवताना हा पोळीवर बोटाने रेघा ओढायचा आणि स्वतःशी पुटपुटायचा, "वीज जात नाही. मशीन मरत नाही. फक्त तार तुटते आणि जुळते. कशी?" मी मीठ मागितलं तर साखर द्यायचा.

"मी गेलो की चालू होतं गं," तो एकदा म्हणाला. "मला घाबरतं की काय?"

"तुला घाबरणारं या जगात एवढं एकच मशीन असेल," मी म्हटलं. तो हसलासुद्धा नाही.

दवाखान्यात तर गोंधळ. वेबसाइट बंद, त्यामुळे वेळा कुणालाच दिसेनात, त्यामुळे सगळे एकदमच हजर. एका दुपारी बाकावर एका टोकाला बोका आणि दुसऱ्या टोकाला शिकारी कुत्रा, मध्ये बसलेल्या आजोबांच्या पिंजऱ्यातला पोपट ओरडतोय. बोका औषधांच्या कपाटावर चढला तो संध्याकाळपर्यंत उतरला नाही. डॉक्टरबाईंनी याला बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं, "तुमचं काम चांगलं आहे. पण आणखी एकदा जरी हे बंद पडलं, तर मी दुसरा माणूस बघणार. मला वाईट वाटेल, पण बघणार." हा घरी आला तो तोंड एवढंसं करून. एक काम गेलं की त्या ओळखीची बाकीची किती टिकणार, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळत होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात माझी कामावर अर्धी सुट्टी होती. आईंचे पडदे शिवून आले होते, म्हटलं देऊन यावे. माझ्याकडे त्यांच्या घराची किल्ली असते. त्या दुपारच्या झोपलेल्या असतील म्हणून मी आवाज न करता दार उघडलं.

झोपलेल्या कुठल्या! नीट केस विंचरून, बाहेर जायचे कपडे घालून त्या टेबलापाशी खुर्चीत बसल्या होत्या. गॅसवर आधण. ओट्यावर दोन कप, दोन बश्या, बशीत बिस्किटं. आणि त्यांच्या हातात निळ्या वायरचं टोक. डब्यावरचा एक दिवा लाल.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. माझ्याकडे पाठ होती. "हो रे, लाल झालाय," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं काय कळतं? तूच ये." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, वळल्या, आणि मला बघून जागच्या जागी गारठल्या.

आता मला शांत राहायला कधीच जमलेलं नाही. माझं डोकंच फिरलं. "आई! तुम्ही? अहो, उंदीर शोधून वेडा व्हायची पाळी आलीये त्याच्यावर! डॉक्टरबाईंनी सांगितलंय, आणखी एकदा बंद पडलं तर काम गेलं म्हणून! घर चालतं त्याच्यावर आमचं!"

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "काम गेलं? मला कुणी सांगितलं नाही गं. मला वाटलं, थोडा वेळ बंद राहिलं तर काय मोठंसं. पहिल्यांदा तर खरंच चुकून निघाली होती, झाडताना. तो धावत आला. तासभर बसला. कामाचं काय काय सांगत होता, लहानपणी सांगायचा तसं. तो गेल्यावर घर इतकं रिकामं झालं की… मग पुढच्या वेळी मी चुकून नाही काढली." आणि जिन्यात पावलं वाजली की खोचायची, म्हणून तो आला की दिवे हिरवे. तरुणपणी पंधरा-सोळा वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरी काढण्या-घालण्याचं काम करत होत्या, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात कधी आलं नाही.

जिन्यात पावलं वाजलीच. आई वायर खोचायला गेल्या, पण घाईत टोक भोकात जाईना. तो दारात आला, पिशवी खांद्यावर, घामाने निथळत. त्याने आधी वायरीकडे बघितलं, मग आईंकडे.

"माझ्याकडून निघाली," मी पटकन म्हटलं. कुठून सुचलं देव जाणे. "पडद्यांचा गठ्ठा अडकला."

"खोटं बोलू नकोस गं माझ्यासाठी," आई म्हणाल्या. "मी काढली रे. दर वेळी मीच काढली. दिवा लाल झाला की तू येतोस."

आईंच्या हातातून त्याने वायर घेतली आणि खोचली. खट्ट झालं, दिवा हिरवा झाला. मग त्याची नजर ओट्यावर गेली, त्या दोन कपांवर, आणि तिथेच अडकून राहिली. खिशात फोन वाजला. डॉक्टरबाईच होत्या. मला वाटलं, आता हा उंदीर म्हणेल, वीज म्हणेल, काहीतरी म्हणेल.

"चूक माझी आहे, डॉक्टर," तो म्हणाला. "मशीन मीच चुकीच्या जागी ठेवलं होतं. कारण सापडलंय. दोन दिवस द्या, चांगल्या जागी हलवतो. नाही जमलं तर तुम्ही खुशाल दुसरा माणूस बघा." मग त्या म्हणाल्या, "दोनच."

चहा त्याने उभ्यानेच घेतला. आई त्याच्याकडे बघत नव्हत्या.

घरी आल्यावर हा पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझारा घालायला लागला. "सहा महिने! सहा महिने मी उंदीर शोधत होतो! अगं, नुसतं ये म्हणाली असती तर—"

"तर आला असतास?" मी म्हटलं. "त्या डब्याला दर मिनिटाला विचारतोस, आहेस का, आहेस का. तिला कधी विचारलंस?"

मला वाटलं आता चांगलंच वाजणार आमचं. पण तो खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. माझाही आवाज मग खाली आला.

दोन दिवसांत त्याने दवाखान्याचं सगळं भाड्याच्या मशीनवर हलवलं. ज्याच्यावर हात पोचत नाही अशा मशीनवर! डॉक्टरबाईंनी आठ दिवस पारखून घेतलं, मग काम त्याच्याकडेच ठेवलं. काळा डबा घरी आणायला आम्ही दोघं गेलो. आईंनी टेबलावरच्या त्याच्याभोवतीची धूळसुद्धा पुसून ठेवली होती, पाहुण्याला निरोप द्यायचा असावा तशी. "ने बाबा," त्या म्हणाल्या. "नसती आफत."

हा डब्यासमोर बसला, काहीतरी खटपट केली, आणि पिशवी आवरली. डबा तिथेच.

"हा राहू दे इथे," तो म्हणाला. त्याला सरळ बोलता येत नाही, मशीनचंच बोलता येतं. "यात आता काही नाही. बंद पडला तर कुणाचं काही अडणार नाही. फक्त माझा फोन वाजेल."

आई त्याच्याकडे बघत राहिल्या. "बरं," एवढंच म्हणाल्या.

आणि मग फोन वाजेचना. एक आठवडा गेला, दोन गेले. आईंना कुठला धीर व्हायला, एवढं रामायण झाल्यावर! आणि हा? याचा जीव टांगणीला. फोन उलटा कर, सुलटा कर. आवाज मोठा कर. पहाऱ्याचा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपास. सारखं मला, "वाजत का नाही गं? बिघडला असेल का?"

"अरे, मग नुसता जा की! आई आहे ती तुझी!"

"काय म्हणून जाऊ?" तो म्हणाला, आणि हे तो अगदी मनापासून विचारत होता. असल्या माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

काल दुपारी हा दवाखान्याचंच काम करत बसला होता. कुठल्याशा कासवाची वेळ चुकीच्या पानावर दिसत होती. फोन किंचाळला. मी ओरडले, "दवाखाना?"

"नाही," तो उठत म्हणाला. "आईकडचा."

कासव त्याने तसंच सोडलं. शर्ट बदलला, जो तो कधी बदलत नाही. स्क्रू ड्रायव्हरची पिशवी खुंटीवरच राहिली. मी म्हणाले, "अरे, पिशवी," तर तो जिन्यात पोचलाही होता. फोन कानाला होता आणि आवाज वरपर्यंत येत होता.

"हो गं, निघालोय. दिव्याचं राहू दे. जेवलीस का?… बरं, मग दोन कप ठेव."