शालिकने कोणती गाडी घ्यावी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, शालिकच्या घरी गेलो की मी गप्प होतो तो माझा स्वभावच आहे. स्वभाव कसला — तिथे मला चहा गिळवत नाही. का, ते आज सांगतो. तुम्ही आम्हा दोघांनाही ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

शालिक माझा मित्र. आंधळगावच्या अलीकडे आमचं गाव, घराला घर लागून, दोघांच्याही धानाच्या बांध्या एकाच तलावाच्या पाण्यावर. शाळा एकत्र, मोहाडीच्या बाजाराला सायकलीने जाणं एकत्र. पुढे ग्रामसेवकाच्या जागा निघाल्या तेव्हा अर्जही एकत्रच केले. त्याला नोकरी लागली, मला नाही. मी वरठीला एका राईस मिलमध्ये चिकटलो. तसं वाईट नव्हतं ते. पण गावातली म्हातारी माणसं शालिकला साहेब म्हणायला लागली, आणि मी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली — आणि आत काय झालं? हेवा. त्याला दुसरा शब्द नाही. तेव्हा मात्र मी तो शब्द स्वतःशीसुद्धा उच्चारला नव्हता.

त्याला गावं मिळाली ती पार जंगलाच्या कडेची. तिकडे एसटी नाही, डांबर नाही. बैलगाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या कच्च्या वाटा, तलावांच्या पाळी, पावसाळ्यात गुडघाभर गाळ. सायकलीने तो हैराण झाला. घरच्यांनी मोटारसायकल घ्यायला होकार दिला. पण त्याने आयुष्यात मोटारसायकलला हात लावला नव्हता. मी लावला होता — मिलच्या मालकाच्या कामासाठी त्यांची गाडी घेऊन मी सगळीकडे फिरायचो. म्हणून तो माझ्याकडे आला. माझ्याशिवाय कोणाकडे जाणार होता?

एका रविवारी आम्ही भंडाऱ्याला गेलो. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका शेठकडे त्याला परवडतील अशा दोनच गाड्या होत्या. एक लहान, हलकी, टाकीचा रंग उडालेला. दुसरी मोठी, काळी, चकचकीत, धूडच म्हणा. शेठला काही पडलेली नव्हती. "जो पसंद हो ले जाव," म्हणाला आणि पान लावत बसला.

दोन्ही गाड्या आधी मी चालवून पाहिल्या. आता नीट सांगतो, कारण सगळं इथेच आहे. लहान गाडी एका किकमध्ये सुरू झाली. सीटवर बसलं की दोन्ही पाय जमिनीला टेकत. पडली तरी एकट्या माणसाला उचलता येईल अशी. नवशिक्याने कच्च्या रस्त्यावर शिकायचं तर हीच — हे मला तिथल्या तिथे कळलं. मोठीची किक उलटी मारत होती, क्लच दगडासारखा, पुढचा ब्रेक नावालाच. आणि शालिक होता काडीसारखा. तिच्यावर बसला तेव्हा त्याचे नुसते चवडे टेकत होते.

तो उतरला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मले लहानच बरी वाटते, मनोहर. या मोठीची मले भीती वाटते."

बरोबर बोलत होता तो. मी फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "अबे, जंगलाच्या रस्त्याले वजनदार गाडीच पाहिजे. हलकी उडते. अन् साहेब झाला तू. ते फटफटी घेऊन जाशीन त लोक हासतीन."

का म्हणालो? दोन कारणं होती, दोन्ही सांगतो. लहान गाडी मला स्वतःला हवी होती. चालवताक्षणीच मनात भरली होती, फक्त तेव्हा घ्यायची ऐपत नव्हती. आणि दुसरं — त्याने एक-दोनदा पडावं, चार लोकांनी हसावं, मग त्याने माझ्याकडे यावं, असं मला वाटलं. त्याचा जीव जावा असं वाटलं का? नाही. पण तो पडावा, असं वाटलं. हे वाटणं काही लहान नव्हतं.

त्याने मोठी घेतली. येताना मीच चालवत आणली, तो मागे बसून गाणं गुणगुणत होता.

पुढच्या काही दिवसांत मी त्याला गिअर, क्लच दाखवला — तोही उरकल्यासारखा. पंधरवडाही झाला नसेल. धान कापणीचे दिवस होते. सकाळी कामावर निघालेला शालिक तलावाच्या पाळीवरून जात होता. वाळून कडक झालेल्या चाकोरीत पुढचं चाक अडकलं, त्याला गाडी आवरली नाही, आणि गाडीसकट तो पाळीखालच्या दगडांवर गेला. बांधीत कापणी करणाऱ्या बायांनी पाहिलं. गाडी त्याच्या अंगावर होती. ती उचलायला त्या सगळ्या बाया लागल्या.

भंडाऱ्याहून त्याला नागपूरला नेलं. उजवा पाय दोन ठिकाणी मोडलेला, डोक्याला मार. तो बेशुद्ध होता. मी दवाखान्यात पोचलो तर त्याचे बाबा व्हरांड्यात उकिडवे बसले होते. त्यांनी वर पाहिलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"काहून रे मनोहर, तूच गेला होता ना त्याच्यासंग? एवढी मोठी गाडी काहून घेऊ देली?"

आणि मी म्हणालो, "मी नोकोच म्हनलो होतो काका. त्यानं आयकलं नाही."

किती सहज आलं ते तोंडातून. त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यांनी — माझ्या.

शालिक शुद्धीवर येईल आणि खरं सांगेल, या भीतीत मी दिवस काढले. तो वाचावा म्हणून देवाला हात जोडायचो, आणि जोडलेल्या हातांनीच दुसरंही काही मागत होतो का? ते मी आजही धडपणे सांगू शकत नाही. तो शुद्धीवर आला. पण पडण्याचं त्याला काही आठवत नव्हतं, आणि त्याच्या आधीचे कितीतरी दिवसही पुसले गेले होते. भंडारा नाही, शेठ नाही, दोन गाड्या नाहीत. वडिलांनी जे सांगितलं तेच त्याच्याजवळ होतं. मी भेटायला गेलो तेव्हा त्याने माझा हात धरला.

"बाबा सांगत होते. तू नोको म्हनत होता म्हने. मले आठवतच नाही गड्या. असा कसा आयकलो नाही मी?"

मी म्हणालो, "जाऊ दे आता."

पाय आखूड राहिला. त्या वाटा तुडवणं त्याला जमेना, नोकरी गेली. मोहाडीला त्याने किराण्याचं लहानसं दुकान टाकलं. साहेब म्हणणारे पुन्हा शालिक म्हणायला लागले.

लहान गाडी शेठकडे तशीच पडून होती. होळीच्या सुमारास मी ती घेतली. हो, घेतली. आणि तिच्यावरच त्याला पाय दाखवायला भंडाऱ्याला न्यायचो. ती त्याच शेठकडची आहे, हे त्याला कळलं होतं. एकदा वाटेत मागून त्याने विचारलं, "हेच ना ते? मले घे म्हनत होता ते?"

मी समोर रस्त्याकडे बघत "हो" म्हणालो. या वेळी मला कोणी धरून जाब विचारत नव्हतं, कोणी रडत नव्हतं, घाई नव्हती. तरी खोटं बोललो.

काही वर्षांनी त्याच्या धाकट्या भावाला, दिलीपला, मोटारसायकल घ्यायची होती. शालिक त्याला घेऊन लंगडत माझ्या दारात आला. म्हणाला, "मनोहर म्हनन तेच घ्यायची. मी आयकलो नव्हतो, तं पाह्य माह्याकडे." मी दिलीपसोबत गेलो. नीट पाहून, चार गाड्या चालवून, त्याच्या उंचीला आणि हाताला झेपेल अशी निवडून दिली. तेव्हा मला सगळं बरोबर सांगता आलं. दिलीप कधी पडला नाही. त्याच्या आईने नव्या धानाचे तांदूळ आमच्या घरी पाठवले, आणि आम्ही ते खाल्ले.

शालिक अजून दुकानात बसतो. लोकांना सांगतो, माझीच अक्कल गेली होती तेव्हा. मी समोर असलो तरी सांगतो, आणि मी ऐकतो. त्याची अक्कल गेली नव्हती. त्याने लहान गाडीच मागितली होती.