समईवरचे ओरखडे

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी गाडीत पेट्रोल भरत होते. "मावशी, आई गेली. झोपेतच." मी नळी जागेवर लावली आणि थेट त्यांच्या घरी गेले. कुसुमताईंना रडारड आवडत नसे, त्यामुळे आधी चहा टाकला.

मी अमेरिकेत याकिमाला राहायला आले त्या वर्षी जवळचा सेंट हेलेन्स ज्वालामुखी पुन्हा धुमसू लागला होता. शेजारच्या कुसुमताई डबा घेऊन आल्या. "घाबरू नका. सव्वाशे वर्षं झोपला होता मेला. मी सांगलीहून लग्न होऊन आले आणि दोन महिन्यांत उठला! आता नुसता कूस बदलतोय."

पुढे कधीतरी त्यांनीच सगळं सांगितलं. ऐंशी सालच्या मे महिन्यातला तो रविवार. भर दिवसा अंधार झाला, आभाळातून करडी राख पडू लागली. ताईंचे यजमान डॉक्टर, ते हॉस्पिटलात अडकले. दाराच्या फटींत ओले टॉवेल कोंबून ताई दोन दिवस एकट्या बसल्या. तिसऱ्या दिवशी ते परतले तेव्हा ताईंची बॅग भरलेली होती... सांगलीला कायमचं परत जायचं त्यांनी ठरवलं होतं. निघण्यापूर्वी आईने दिलेली पितळी समई उजळावी म्हणून ताईंनी अंगणातली राख घेतली. माहेरी भांडी राखेनेच घासायचे. समईभर ओरखडे उठले.

"अगं, ही चुलीतली राख नाही. दगड-काचेचा चुरा आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू बोलत होतीस का माझ्याशी?"

अशी समई घेऊन आईपुढे कसं उभं राहायचं? नीट झाली की जाईन, म्हणून जाणं पुढे ढकललं. मग मुक्ता झाली. पुढे ताई सांगलीला जात राहिल्या, पण पाहुण्यासारख्या, आणि समई इथेच ठेवून. आई विचारायची, "समई लावतेस ना?" "रोज," ताई सांगायच्या. ते खरंच होतं.

घर आवरताना मुक्ताने समई हातात घेतली. "मावशी, पॉलिश करून घेते. किती स्क्रॅचेस आहेत!" तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं. ती खाली बसली आणि बराच वेळ त्या रेघांवरून नख फिरवत राहिली...

समई आता शिकागोजवळ शॉमबर्गला, मुक्ताच्या घरी आहे. परवा व्हिडिओवर तिने दाखवली. तेल ओघळून ओरखड्यांत बसलं होतं.

"हिला क्लीन कशाने करू?"

"चिंचेने," मी म्हटलं. "आणि हलक्या हाताने."