पंचवीस जूनची सकाळ

बाबा शाळेत पी.टी.चे सर होते. रोज प्रार्थनेआधी ते फळ्यावर लिहायचे, त्या तारखेला खेळांच्या जगात पूर्वी काय घडलं होतं ते. दोन वेगळ्या सालांतल्या गोष्टी एकाच तारखेवर जुळल्या की स्वारी खूश. घरी चहाबरोबर आम्हालाही तेच ऐकावं लागे.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही. डॉक्टर म्हणाले, "बोलणं हळूहळू येईल कदाचित. पण आठवण किती शाबूत आहे, ते आत्ताच सांगता येणार नाही." घरी आणल्यावर ते आमच्याकडे बघायचे. पण ओळखून बघतायत की नुसतेच, हे आईला कळेना आणि मलाही. विचारून बघायचा धीर दोघींनाही होत नव्हता.

पंचवीस जूनला शुक्रवार होता. आमच्या कामतघर वस्तीतले कापडाचे लूम शुक्रवारी बंद असतात, म्हणून घरात बारीक आवाजही ऐकू येत होता. मी बाबांना बशीतून चहा पाजत होते. वर्ल्ड कप जिंकल्याला दहा वर्षं झाल्याचं पेपरात आलं होतं. सहज म्हटलं, "बाबा, आज पंचवीस जून. त्र्याऐंशी साली आपण लॉर्ड्सवर कप जिंकलो ना, तो दिवस."

त्यांनी डाव्या हाताने बशी बाजूला सारली. ओठ हलले.

"बत... बत्तीस."

आई स्वयंपाकघरातून लगबगीने आली. "दात दुखतायत का हो?"

त्यांनी वैतागून मान हलवली. कपाळावर घाम आला होता. "बत्तीस साल. प... पहिली... टेस्ट."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भारताची पहिली टेस्ट मॅच बत्तीस साली सुरू झाली, तीही पंचवीस जूनलाच. "लॉर्ड्सवरच ना, बाबा?"

"हो. तेच... मैदान."

आई तिथेच खाटेच्या कडेला बसली. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "आणि मी कोण?"

ते तिच्याकडे बघत राहिले. "वेडी," ते म्हणाले. हा शब्द अगदी स्पष्ट आला.

पुढे हात काही पूर्ण सुधारला नाही, पण दिवाळीपर्यंत बोलणं बरंच आलं. त्या पंचवीस जूनला मात्र आई दुपारी जेवून जी झोपली, ती दिवेलागणीला उठली. बाबांना झटका आल्यापासून ती अशी पहिल्यांदाच झोपली होती. मी तिला हाक मारली नाही.