दिवाळीच्या भागातला वेटर

"आधी त्याचं ऐकून तरी घ्या," असं आक्का टीव्हीला सांगायच्या. हातही पुढे करायच्या, पडद्यातल्या माणसाला पाठीशी घालायला.

नव्वदच्या दशकात नारायणगावात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि भिंतीपलीकडे आक्कांची पिठाची गिरणी. नवरा वारल्यापासून ती त्या एकट्याच चालवत. बुधवारी एका धांदरट गुप्तहेराची विनोदी मालिका लागे. तेवढा अर्धा तास गिरणी बंद ठेवून, भुवयांवरच्या पिठासकट आक्का माझ्या दारात उभ्या. गुप्तहेर दर वेळी भलत्यालाच पकडायचा, दुकानात जमलेले आम्ही खिदळायचो आणि आक्का पकडलेल्याची बाजू घ्यायच्या. खरा चोर सापडला की त्याचीसुद्धा. आम्ही त्यांना वकिलीणबाई म्हणायचो. अशी माणसं तुमच्याही आळीत असतील. आपण हसतो आणि कामाला लागतो.

एका वर्षी मालिकेचा दिवाळीचा खास भाग लागला. बंगल्यात ऐन लक्ष्मीपूजनाला हार चोरीला जातो आणि गुप्तहेर वेटरांना रांगेत उभं करून खिसे उलटे करायला लावतो. तिसऱ्याच्या खिशातून चकली निघाली. आमची हसून हसून पुरेवाट झाली. आक्कांनी मात्र दाराची चौकट धरली.

"भाऊ, त्यो माझा धाकला हाय," म्हणाल्या.

मग सगळं कळलं. आक्कांचं माहेर घोडेगावच्या वरच्या अंगाला. लग्नाआधीच्या एका लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडलेली आईची सोन्याच्या पुतळ्यांची माळ दुसऱ्या सकाळी दिसेना. धाकट्या भावाला देवघरात जाताना पाहिलं, असं आक्काच वडिलांना बोलून गेल्या. वडिलांनी त्याला चावडीपुढे मारलं. तो पाडव्याला घर सोडून गेला, तो गेलाच. शिमग्याच्या सुमाराला लाह्यांचा डबा रिकामा केला, तर तळाशी माळ. पाटावरच्या लाह्या-बत्ताशे डब्यात भरले होते आक्कांनीच.

"माळ घावली, येवढं त्याला कळाया पायजे," एवढंच त्या म्हणत राहिल्या. स्वतः जायला मात्र तयार नव्हत्या. त्याच्यापुढे उभं राहायला तोंड नाही म्हणायच्या.

तो भाग मी कॅसेटवर घेतला होता. चित्र थांबवून पडद्याचा फोटो काढवला. सुटे भाग आणायला मुंबईला गेलो की स्टुडिओबाहेरच्या चहावाल्यांना तो दाखवायचो. तिसऱ्या खेपेला फोटोतला माणूसच भेटला.

मी खुशीत होतो. दिवाळीची गोड बातमी आणल्यासारखं सगळं सांगितलं: माळ, डबा, आक्कांचं रडणं. त्याने चहा खाली ठेवला नाही की प्यायला नाही. बोलला तेव्हा बोली आमच्याकडचीच होती.

"माळ घावली म्हून मी तिचा भाऊ. घावली नसती तर?"

तो म्हणाला, परत येऊ नका. मग आत बोलावणं आलं, तसा वेटरच्या कपड्यातच निघून गेला.

परतीच्या एसटीत ते वाक्य मी शंभरदा घोळवलं. आक्का गिरणीच्या पायरीवर बसून वाट बघत होत्या. माझ्या तोंडून निघालं, "आक्का, तो तुमचा भाऊ नाही. नुसता सारखा दिसतो."

"मंग माझा कुठं आसंल?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं होतं, मी त्यांना वाचवलं. चूक होती माझी. पुढची सहा वर्षं आक्का मालिका, बातम्या, जाहिराती, सगळ्यांत गर्दीतले चेहरेच बघत बसल्या. कोणी पकडलं गेलं, तरी त्यांचं तिकडे लक्ष नसे. मी शेजारी तारांना कथलाचा डाग देत बसायचो आणि रोज ठरवायचो की उद्या सांगू. त्या उद्याला किडे पडोत.

आक्का गेल्या. दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. त्यांची इच्छा सगळ्या आळीला ठाऊक होती. एकेक जण हात जोडून पुढे होई. तुझ्या धाकल्याला शोधून काढू, माळ सापडल्याचं सांगू, तू काळजी करू नको, म्हणे. कावळे पलीकडच्या बाभळीवर बसून होते. भटजी माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही शेजारचे, तुम्हीही दोन शब्द बोला.

मी हात जोडले आणि तेच म्हणालो, सगळ्यांसारखंच. तास उलटून गेला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं घरी गेली.